ते सतरा ठिपके पुसू नकोस

ताई,

मी वाळवा तालुक्यातली. ई अँड टीसीत बीई, मग एमटेक, आता पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय आहे रडार उपग्रहाच्या चित्रांवरून पुराचा नकाशा काढणं. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर मी स्वतः पाहिलाय. आठ दिवस आम्ही शाळेच्या वर्गात झोपत होतो, म्हणून तर हा विषय घेतला.

सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रं घेऊन नकाशा केला आणि गावोगाव फिरून १२० ठिकाणी विचारलं, इथे पाणी होतं का. त्यातली ९७ जुळली, म्हणजे ८१ टक्के. जी जुळली नाहीत त्यातले १७ ठिपके उसाची रानं आहेत. तिथे पाणी होतं आणि नकाशा म्हणतो कोरडं. त्यातलं एक रान आमच्या तात्यांचं, माझ्या चुलत्यांचं. त्या रानात मी स्वतः होडीतून गेलेय.

गाईड सर म्हणाले, ‘आउटलायर असतील, काढ आणि पेपर पाठव.’ ते १७ काढले की १०३ पैकी ९७ होतात, ९४ टक्के. आकडा छान दिसतो, पण माझा हात धजत नाही. सहा आठवडे काहीच पाठवलेलं नाही.

आता वाटतं, विषयच बदलावा. शेजारच्या लॅबमधले अँटेना करतात. त्यांचं सगळं संगणकावर हातात असतं, शेतात फिरावं लागत नाही. नाहीतर सोडून द्यावं सगळं. बरोबरच्या मैत्रिणी पुण्यात आयटीत स्थिरावल्या. आण्णा दर फोनला विचारतात, ‘अजून किती वर्षं?’ त्यांना काय सांगू, मलाच माहीत नाही.

तुमची,
सतरा ठिपकेवाली

---

अगं सतरा ठिपकेवाली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘त्या रानात मी स्वतः होडीतून गेलेय’ या वाक्यापाशी तिन्ही वेळा थांबले. तुला काय करायचं ते तुझ्या हाताला कळलंय. तो धजत नाही तो उगाच नाही. माझं काम एवढंच, की हात का धजत नाही याचं विज्ञान तुझ्यासमोर ठेवायचं. म्हणजे सरांपुढे बसशील तेव्हा तुझ्याकडे नुसती हुरहूर नसेल.

आधी नकाशा काय पाहतो ते बघू. हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांनाही त्याचा उपयोग होईल. सेंटिनेल-१ सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून खाली तिरक्या दिशेने लहर सोडतो. लहरीची लांबी ५.६ सेंटिमीटर. ती ढगातून, पावसातून, अंधारातूनही खाली येते. २०१९ च्या त्या आठवड्यात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहांना सांगलीवर ढगच ढग दिसत होते, रडारला जमीन दिसत होती. शांत पाण्यावर लहर तिरकी पडली की ती पुढे निघून जाते. रात्री तळ्याच्या काठावरून बॅटरीचा झोत तिरका मारला तर उजेड समोरच्या काठाकडे जातो, आपल्या डोळ्याकडे येत नाही, तसंच. म्हणून पाणी काळं दिसतं. तुझा नकाशा ‘काळं ते पाणी’ एवढ्या एका वाक्यावर उभा आहे. मोकळ्या रानात, सोयाबीनमध्ये, नदीच्या पात्रात ते वाक्य खरं आहे. उसात ते अपुरं पडतं.

उसाचा दांडा जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा, पण त्याच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग पाणी. पाण्याने भरलेली, हातभर अंतरावर उभी असलेली हजारो नळकांडी, वर पात्यांचं दाट छप्पर. ५.६ सेंटिमीटरची लहर त्या छपरातच अडकते, विखुरते, थोडी परत वर येते. खाली कोरडी सरी आहे की कमरेइतकं पाणी, याची खबर तिला लागतच नाही. उपग्रहाला पुराआधी जे दिसलं तेच पुरातही दिसलं. तात्यांच्या रानात पाणी होतं आणि नकाशा कोरडं म्हणाला, यात नकाशा खोटं बोलला नाही. त्याला जेवढं दिसत होतं तेवढंच त्याने सांगितलं. आउटलायर म्हणजे बाकीच्यांपासून फटकून पडलेला चुकार आकडा. तुझ्या १७ ठिपक्यांना कारण आहे, आणि ते पिकाच्या अंगात आहे.

याहून पुढची गंमत अशी, की काही उसात ठिपका पुरामुळे उलट उजळलाही असेल. कॅरममध्ये कोपऱ्यात मारलेली सोंगटी दोन कडांना आपटून आल्या दिशेने परत येते ना, तसं पाण्याचा आडवा पृष्ठभाग आणि उसाचा उभा दांडा मिळून कोपरा करतात. लहर आधी पाण्यावर, मग दांड्यावर आपटून सरळ उपग्रहाकडे. रडारवाले याला डबल बाउन्स म्हणतात. पण त्यासाठी लहर खालपर्यंत पोचायला हवी. विरळ किंवा अर्धवट बुडालेल्या उसात पोचेल, दाट आडसालीत, म्हणजे आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उंच उसात, बहुधा नाही.

तर पहिलं काम. तुझ्या तक्त्यात प्रत्येक ठिपक्यापुढे ‘ऊस’ एवढंच लिहिलं असेल, तर तो तक्ता अर्धा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये उभा असलेला ऊस एकसारखा नव्हता. आदल्या जुलै-ऑगस्टची आडसाली लागण तेव्हा बारा-तेरा महिन्यांची, माणसाच्या डोक्यावर गेलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी त्याहून लहान, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू आणखी लहान. खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची, उंची तोडणी कधी झाली त्यावर. आणि त्याच जुलैत केलेली नवी आडसाली तर गुडघ्याएवढीही नसेल. ती पूर्ण बुडाली असणार आणि चित्रात काळी आली असणार. म्हणजे तुझ्या जुळलेल्या ९७ मध्येही ऊस असेल, फक्त लहान! त्या ठिपक्यांनाही हेच प्रश्न विचार. नुसत्या चुकांची चौकशी करणं हाही पक्षपातच.

ही माहिती मिळवायला तुला लांब जावं लागणार नाही. कारखान्याच्या शेतकी विभागात प्रत्येक रानाची लागण नोंद असते: तारीख, जात, क्षेत्र. गटाच्या चिटबॉयला, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, गाठ. को ८६०३२ जातीचा होता की दुसरा काही, कुठल्या तारखेला लावला, हे त्याच्या वहीत सापडेल. असा ग्राउंड ट्रुथ, म्हणजे जमिनीवरचा प्रत्यक्ष पुरावा, परदेशातल्या मोठ्या लॅबना पैसे खर्चूनही मिळत नाही. तुला तो गावकीच्या ओळखीवर मिळतोय, त्याची किंमत कर.

मग तारीख आणि वेळ. आपल्याकडे सेंटिनेल-१ च्या फेऱ्या साधारण सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला होतात, आणि एकाच मार्गावरची दोन चित्रं १२ दिवसांच्या अंतराने येतात. लोक तुला सांगतात ‘पाणी होतं’. ते खरं बोलतात, पण कुठल्या दिवशी? चित्र घेतलं त्या सकाळी होतं का? तुझ्या १७ पैकी दोन-तीन ठिपके इथेच सुटतील आणि ते सुटायलाच हवेत. आपल्या बाजूचा पुरावा जास्त कठोरपणे तपासावा लागतो. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या तर मोकळं पाणीसुद्धा उजळ दिसतं, तेही बघ. आणि पुरानंतरच्या चित्राशी तुलना करत असशील तर सांभाळून. पुरात ऊस लोळतो, पोंगा (शेंड्याचा कोंब) कुजतो, मग पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात. पाणी गेलं तरी पिकाचा आकार बदललेला असतो, आणि रडारला तो बदल दिसतो.

आता अँटेनाकडे जायचं म्हणतेस त्याबद्दल. इथे मला जरा लांब बोलू दे, कारण माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलंय.

एमटेकच्या काळात मी एक साधा पॅच अँटेना केला होता. तांब्याचा चौकोन, खाली एफआर-४ ची, म्हणजे सर्किट बोर्डाच्या साध्या मटेरियलची, पाटी. संगणकावर तो २.४५ गिगाहर्ट्झला नीट बोलत होता. प्रत्यक्ष बनवून मोजला तर २.३७. रात्रभर बसून मी सिम्युलेशनमध्ये पाटीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (ती लहरीला किती मंदावते ते सांगणारा आकडा) ४.४ वरून सरकवत सरकवत ४.७ केला आणि दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. किती आनंद झाला म्हणून सांगू! सकाळी लॅबमधल्या तंत्रज्ञ काकांना दाखवलं. ते दहावी शिकलेले, पण त्यांच्या हातून शेकडो अँटेना गेलेले. त्यांनी विचारलं, ‘४.७ कुणी सांगितलं?’ मी म्हणाले, ‘जुळतंय ना.’ ते म्हणाले, ‘जुळवलंस म्हणून जुळतंय. पाटीला विचारलंस का?’

मग त्यांनी त्याच पाटीच्या उरलेल्या तुकड्यावर माझ्याकडून एक गोल कडं कोरून घेतलं. रिंग रेझोनेटर. त्याच्या रेझोनन्सवरून पाटीचा स्थिरांक वेगळा मोजता येतो. तो ४.७ च्या आसपासच निघाला. आकडा तोच होता, पण आदल्या रात्री ती सोय होती आणि त्या दिवशी तो शोध झाला. एफआर-४ ची पाटी साधारण ४.२ ते ४.८ मध्ये कुठेही असू शकते, हे त्या दिवसानंतर मला कुणी सांगावं लागलं नाही. काकांनी आणखी एक शिकवलं. मोजताना केबलला हात लावून बघायचं. आलेख हलला तर समजायचं की एकटा अँटेना बोलत नाही, केबलही बोलतेय.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की अँटेनाच्या लॅबमध्ये तुला हाच प्रश्न भेटेल. संगणकावरचं हातात असतं ते बनवेपर्यंतच. बनवल्यावर सोल्डरचा थेंब, कनेक्टर, पाटी, केबल, खोलीच्या भिंती, सगळे आपापलं म्हणणं मांडतात. तुझ्या उसासारखेच. तिथेही कुणीतरी म्हणेल, ‘आलेख थोडा सरकव आणि पाठव.’ त्यापासून पळायला म्हणून विषय बदलशील तर दोन वर्षांनी याच वळणावर उभी असशील.

आणि खरं सांगू का, तू अँटेनातच आहेस. उसाचा दांडा हा पाण्याने भरलेला उभा अँटेना आहे. सेंटिनेल-१ जमिनीवर सहसा उभ्या पोलरायझेशनची, म्हणजे विद्युतक्षेत्र उभं असलेली, लहर सोडतो. उभ्या दांड्यात उभं विद्युतक्षेत्र घुसलं की दांड्याच्या लांबीभर प्रवाह वाहतो, ऊर्जा आत खर्च होते, उरलेली इकडेतिकडे विखुरते. आडव्या पोलरायझेशनची लहर त्याच दांड्यांमधून तुलनेने सुटून खाली जाते, आणि पाणी-दांडा कोपऱ्यातून परतही जास्त जोमाने येते. विद्युतचुंबकीय लहरींची मॅक्सवेलची समीकरणं तू परीक्षेपुरती केलीस असं मी धरून चालते, आम्हीही तसंच केलं. आता ती तात्यांच्या बांधावर बसून पुन्हा काढ. दांडा तीन सेंटिमीटरचा, लहर ५.६ ची: दोघं जवळपास एका मापाचे, म्हणून एवढी झटापट. लहर २४ सेंटिमीटरची केली तर तोच दांडा तिला काडीसारखा.

ती २४ सेंटिमीटरची लहर आता आपल्याकडे आहे. निसार. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर दोन रडार आहेत, नासाचं २४ सेंटिमीटरचं आणि अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेलं सुमारे ९ सेंटिमीटरचं. बारा मीटर व्यासाची सोनेरी जाळीची छत्री दोघांत एकच, आणि दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा. (छत्री जाळीची चालते, कारण जाळीची भोकं लहरीच्या मानाने फार लहान असतात. नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत, त्याही तारेच्या जाळीच्याच. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी तिथे लोकांना आत सोडतात. आण्णांना घेऊन जा. मुलगी काय शिकते हे त्यांना माझ्या पत्रापेक्षा त्या तबकडीखाली उभं राहून लवकर कळेल.)

३० जुलै ही तारीख ऐकली की मला माळीण आठवतं. २०१४ साली त्याच तारखेला तो डोंगर खाली आला. निसार गेला त्या दिवशी टीव्हीसमोर मी टाळ्या वाजवल्या आणि मग बराच वेळ गप्प बसले. त्या यंत्राकडून लोकांनी आशा करावी, पण आपण संशोधकांनी सिद्ध होण्याआधी शब्द देऊ नये. तुलाही तेच सांगते. २४ सेंटिमीटरची लहर दाट आडसालीतून पाण्यापर्यंत जाऊन परत येते की नाही, हे गृहीत धरू नकोस, तपास. २०१९ ला निसार नव्हता, त्यामुळे जुना पूर त्याच्या डोळ्यांनी पाहता येणार नाही. पण पीक तेच, नदी तीच, आणि कृष्णा पुन्हा पात्राबाहेर येणार हे तू नि मी दोघी जाणतो. २०२१ च्या जुलैत आलीच होती. त्या पुराची सेंटिनेलची चित्रं फुकट पडून आहेत. तिथेही उसाचे ठिपके असेच चुकतात का ते आधी बघ. दोन पुरांत तीच चूक त्याच लागणीत निघाली, तर मग तिला चूक म्हणायचं कारणच उरत नाही.

रडारच्या इतिहासात तुझ्यासारखंच न जुळणारं चित्र एकदा आलं होतं. नोव्हेंबर १९८१ मध्ये कोलंबिया शटलवर एसआयआर-ए नावाचं रडार होतं, लहर सुमारे २३.५ सेंटिमीटर. इजिप्त-सुदानच्या सीमेवर, जिथे डोळ्यांना नुसती सपाट वाळू दिसते, तिथे त्याने नद्यांची पात्रं दाखवली. पाऊस जवळजवळ नसलेला मुलूख, आणि चित्रात नद्या! ते चित्र खोटं म्हणून बाजूला टाकणं किती सोपं होतं. ती माणसं वाळवंटात गेली, खड्डे खणले, आणि वाळूखाली जुन्या प्रवाहांचे थर सापडले. कोरडी वाळू त्या लहरीला अडवत नाही, ती आरपार जाते आणि खालून परत येते. त्या खड्ड्यांमुळे रडारवाल्यांना कळलं की आपलं यंत्र नुसता पृष्ठभाग पाहत नाही. तुझ्याकडे उलटं आहे, तुझी लहर वरच अडकते. पण खड्डा तुलाही खणावा लागेल.

तुझा खड्डा कसा असेल, ते सांगते. पत्र्याचे दोन कोपरे बनव. तीन त्रिकोणी पत्रे एकमेकांना काटकोनात, कडा एक-एक मीटरची. यालाच ट्रायहेड्रल रिफ्लेक्टर म्हणतात. गावातला फॅब्रिकेशनवाला करून देईल, फक्त काटकोन नीट हवेत, त्यात कुचराई चालणार नाही. हिशेब कर: चार पाय (π) गुणिले कडेचा चौथा घात, भागिले तरंगलांबीच्या वर्गाची तिप्पट. ५.६ सेंटिमीटरला उत्तर येतं सुमारे १,३०० चौरस मीटर. म्हणजे तो एवढासा कोपरा उपग्रहाला १,३०० चौरस मीटरच्या लक्ष्यासारखा दिसतो. तुझ्या चित्रातला एक तुकडा पाच बाय वीस मीटरचा. त्यातल्या पिकाकडून दर चौरस मीटरला दशांश परत येतं असं धरलं, तर सगळा तुकडा मिळून दहा. तुझा कोपरा त्याच्या सव्वाशे पट. चित्रात चांदणीसारखा उठेल.

एक कोपरा तोडणी झालेल्या मोकळ्या रानात ठेव आणि दुसरा उभ्या उसाच्या आत, सरीत. दोघांत शंभर-दीडशे मीटर अंतर असू दे. मोकळ्यातला चमकेल. उसातला किती चमकतो, की दिसतच नाही, यावरून उसाचं छप्पर लहरीचा जाता-येता किती घास घेतं ते तुला आकड्यात मिळेल. दर महिन्याला ऊस वाढेल तसा तो आकडा बदलेल. कुठल्या उंचीला, कुठल्या लागणीत पाणी दिसेनासं होतं, ती रेघ तुझ्या हातात येईल. काकांनी मला ‘पाटीला विचारलंस का’ म्हटलं होतं ना, तसं हे उसाला विचारणं आहे. ते केलंस की १७ ठिपक्यांना ‘पिकाखालचं पाणी, या लहरीला न दिसणारं’ असं नाव द्यायचा हक्क तुला येतो. आधी नाही. केवळ तुझी आठवण आणि तात्यांची साक्ष यावर नवा वर्ग काढशील, तर तेही जुळवणंच झालं.

सरांशी बोलायचं कसं? ‘सर, तुम्ही चुकलात’ असं नको. ते चुकीच्या हेतूने बोलले असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. त्यांच्यापुढे पेपरांचा हिशेब असतो, तुझ्या शिष्यवृत्तीची मुदतही असते. त्यांच्याकडे एक पानाचा तक्ता घेऊन जा. १२० ठिपके, प्रत्येकापुढे पीक, लागणीचा हंगाम, चित्राची तारीख, त्या दिवशीचं पाणी. चुका विखुरलेल्या नसून उंच उसातच गोळा झाल्यात, हे त्यांना न सांगता दिसेल. जो माणूस आयुष्यभर डेटा वाचतो, त्याला असा तक्ता दाखवला की तो बहुधा पुढचा प्रश्न स्वतःच विचारतो. त्यांनी तरीही ‘काढ’ म्हटलं, तर पेपरमध्ये स्पष्ट लिही, की उंच उसाची रानं वगळली आहेत, का वगळली, आणि ती धरली तर अचूकता ८१ आहे. हे लिहून ९४ छापायला हरकत नाही. न लिहिता छापायला आहे, आणि तिथे मात्र ठाम राहा.

याचं कारण फक्त संशोधनाची शिस्त नाही. तुझा नकाशा उद्या कुणीतरी वापरणार, म्हणून तर तू तो करतेस. कुणी तो पंचनाम्याला आधार म्हणून धरला, तर ९४ टक्के अचूक असलेल्या त्या नकाशात तात्यांचं रान कोरडं असेल. वाळव्यात, पलूसमध्ये, मिरजेत, शिरोळमध्ये नदीकाठी बहुतेक ऊसच आहे. तुझे १७ ठिपके म्हणजे नकाशाची कडा नव्हे, पुराच्या मधोमधचं पीक आहे ते. त्या रानांचा शेतकरी अधिकाऱ्यासमोर उभा राहील आणि त्याच्या हातात शब्दाशिवाय काही नसेल. तू होडीतून गेली होतीस, हे त्या अधिकाऱ्याला कोण सांगणार?

आण्णांबद्दल थोडंच. ‘अजून किती वर्षं’ हा प्रश्न रागाचा नसतो, काळजीचा असतो, आणि त्याला तारखेचं उत्तर लागतं. कागदावर लिहून दे: लागण नोंदी गोळा करायला एक महिना, २०२१ चा पूर तपासायला दोन-तीन, रिफ्लेक्टरचा प्रयोग ऊस उभा असेपर्यंत एक हंगाम, मग लिहिणं. साधारण दीड वर्ष. नोकरीचं विचारतील तर सांग, की रडार आणि अँटेना येणाऱ्या माणसाला इस्रोची अहमदाबाद-हैदराबादची केंद्रं, नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं दूरसंवेदन केंद्र), मुंबईतलं समीर (मायक्रोवेव्ह संशोधन संस्था) अशी सरकारी दारं आहेत, आणि गाड्यांमधल्या ७७ गिगाहर्ट्झच्या रडारमुळे खासगीतही मागणी आहे. आयटीत जाणं वाईट नाही. घरची गरज असेल तर जरूर जा, कुणी नावं ठेवणार नाही. पण या १७ ठिपक्यांमुळे जाऊ नकोस. ते अपयश समजून गेलीस तर फार चुकीचं ओझं घेऊन जाशील.

आण्णांना आणि तात्यांना नुसतं समजावू नकोस, कामाला लाव. शेतकऱ्याला पाणी फुटात आठवत नाही, पण कांडीत आठवतं. ‘पाणी कितव्या कांडीपर्यंत होतं?’ असं विचारून बघ. पुरानंतर दांड्यांवर गाळाची रेघ राहते, ती पाहूनच तर त्यांनी ठरवलं होतं कुठला ऊस राखायचा नि कुठला मोडायचा. कांड्या मोजून तुला पाण्याची खोली मिळेल, आणि ती कुठल्याच उपग्रहाकडे नाही.

शेवटी रिफ्लेक्टरचं एक. सकाळच्या फेरीसाठी त्याचं तोंड पूर्वेला हवं, संध्याकाळच्या फेरीसाठी पश्चिमेला, आणि दोन्हीकडे थोडा मागे कलता. सेंटिनेल-१ नेहमी आपल्या उजव्या हाताला बघतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूला असेल हे फेरीवर ठरतं. दोन्ही कोपऱ्यांना एकच फेरी धर. आणि ज्या कोपऱ्यात तिन्ही पत्रे मिळतात तिथे खाली बोटभर भोक पाडायला फॅब्रिकेशनवाल्याला आधीच सांग, नाहीतर पहिल्याच पावसात त्यात पाणी साठेल आणि तुझा आकडा बिघडेल.

तुझी,
ताई